चि. सौ. कां. डबरी

२ एप्रिल २००५

बोअर खोकला! सकाळी बटण दाबलं तर नळातून आधी हवा आली, मग थोडी लाल माती, मग पुन्हा हवा. अजून एप्रिल उजाडून दोन दिवस नाही झाले, आणि हे सोंग. इकडे मी बादली धरून उभी, तिकडे अंगणात श्यामकांत टाकीतल्या उरल्यासुरल्या पाण्याने गाडी धुताहेत. (तोंडाने नवऱ्याचं नाव घेत नाही, पण पानावर घ्यायला कोण अडवतंय?) गाडी पांढरी आहे. राजधानीत शोभते म्हणून पांढरी घेतली. पूर्वी आम्ही रायपूरला राहायचो, छत्तीसगड झाल्यापासून राजधानीत राहतो. घर तेच, गल्ली तीच, फक्त शंकर नगरकडे भाजीला जाताना लाल दिव्याच्या गाड्यांसाठी थांबावं लागतं.

"पाणी संपून राहिलं," मी ओरडले.

"उद्या रॅली आहे ना," म्हणाले. "धुळीची गाडी घेऊन जाऊ काय?"

रॅली पाणी वाचवण्याची आहे.

३ एप्रिल

रॅली झाली. धूळ उडू नये म्हणून आधी टँकर बोलावून रस्त्यावर पाणी मारलं! शेजारची विनोदिनी महिला मंडळाची अध्यक्ष, ती सगळ्यात पुढे. "जल है तो कल है" ओरडून घसा सुकला म्हणून प्रत्येकाला पाण्याचे पाऊच वाटले. दातांनी कोपरा तोडायचा, दोन घोट प्यायचे, उरलेलं डोक्यावर ओतायचं. रिकामी पिशवी कुठे? डबरीत. आणखी कुठे?

आमच्या रांगेच्या मागे ही डबरी आहे. कॉलनी बांधताना विटांसाठी माती काढली, तो खड्डा भरत भरत तळं झाला. पलीकडच्या काठावर जुना पारा, म्हणजे इथली मूळ वस्ती. तिथली माणसं तिच्यात आंघोळ करतात, घरात कोणी गेलं की दहाव्याचं तिथेच करतात. अलीकडच्या काठावर आम्ही. आम्ही सुशिक्षित. आमच्या सगळ्या मोऱ्या तिच्यात सोडलेल्या आहेत. विनोदिनी निर्माल्य टाकते तेव्हा आधी पिशवीला गाठ मारते आणि मग नमस्कार करते.

५ एप्रिल

सोसायटीची सभा. पहिला ठराव – रॅली यशस्वी केल्याबद्दल सर्वांचे आभार. दुसरा ठराव – डबरी बुजवून तिथे कम्युनिटी हॉल आणि पार्किंग करावं. पहिल्यावर टाळ्या, दुसऱ्यावर त्याहून जास्त. पार्षद, म्हणजे नगरसेवक, भैय्यालालजींनी शब्द दिला आहे, माती तेच टाकून देणार. हॉलचा नकाशा कोणी काढला? सोसायटीच्या सेक्रेटरींनी. म्हणजे आमच्या ह्यांनी. जन्म सिंचन विभागात गेला माणसाचा, आणि आता हौस काय तर पाणी बुजवायची.

विरोधात एकच हात वर होता. बांगड्या वाजल्या म्हणून तो सगळ्यांना दिसला.

घरी आल्यावर म्हटलं, "डबरी गेली की बोअर जाईल."

"काहून? बोअरचं पाणी खालून येते, डबरीचं वरतं असते. दोघांचा काही संबंध नाही."

"खाली जातं कुठून मग?"

"तुले नाही समजणार ते."

मला नाही समजणार! लग्न होऊन आले तेव्हा चौकातल्या हँडपंपावरून कळशा मी आणल्या. गंधालीच्या वेळेस सातव्या महिन्यातही आणल्या. नकाशा यांनी काढला असेल, पण पाणी कुठून येतं ते माझ्या कमरेला माहीत आहे. आता या वयात पुन्हा कळशी उचलायची म्हटलं की मला भीती वाटते. खरंच भीती वाटते. हॉल काय करायचाय मला? हॉलमध्ये भांडी घासायची आहेत का?

९ एप्रिल

टँकर. विनोदिनी रॅलीचा टी-शर्ट घालून तीन ड्रम घेऊन उभी होती. कूलरलाही भरून घेतलं म्हणे. मला दोन बादल्या मिळाल्या आणि एक धक्का.

१४ एप्रिल

आज पाऱ्यातून हिरालाल आला. चौकात पानठेला आहे त्याचा. पाऱ्यात काही भांडण-तंटा झाला तर निवाडा तोच करतो आणि पानंही त्याचीच खपतात. हॉलची बातमी त्याला लागली आहे. भांडायला आला असेल असं वाटलं. पण हा खुर्चीवर ऐसपैस बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "भैया, ए डबरी कुंवारी हे."

ह्यांना काही कळेना.

तो म्हणाला, पाऱ्यातल्या मोठ्या तलावाचं लग्न त्याच्या आजोबांनी लावलं होतं. मधोमध सराईच्या, म्हणजे सालाच्या, लाकडाचा खांब रोवला आहे, तो नवरा. त्या तलावात कोणी थुंकतसुद्धा नाही. ही डबरी तशीच राहून गेली. "कुंवारी के कोन मान करही? बिहाव कर देव, फेर देखव." अक्तीचा मुहूर्त आहे – म्हणजे आपली अक्षय तृतीया. त्या दिवशी इकडे मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतातच. डबरी कॉलनीच्या अंगाला, तर कॉलनी मुलीकडची. खांब पारा आणणार, तर ते मुलाकडचे.

हे हसले. हसून हसून चहा सांडला. मग हिरालाल सहज म्हणाला की केबलवाले येतील, पार्षदजीही येतील. हसणं थांबलं.

तो गेल्यावर मला म्हणतात, "काय हरकत आहे? लग्न लावून टाकू. फोटो-गिटो होतील. मग बुजवू."

मी म्हटलं, "हो ना. काय हरकत आहे?" आणि पोळ्या लाटायला गेले. तेवढंच माझ्या हातात होतं, नाहीतर आतला आनंद चेहऱ्यावर दिसला असता.

१९ एप्रिल

मुलीचे आई-बाप कोण बसणार, यावरून सभेत तासभर खल. विनोदिनीची फार इच्छा होती, पण तिचे यजमान म्हणाले, "मी नालीचा बाप होणार नाही." सगळे खाली बघू लागले. तेव्हा हे बोलले, "आम्ही बसतो."

मी बघतच राहिले. परत येताना विचारलं नाही काही. मला ठाऊक आहे. गंधालीने बंगलोरला कोर्टात लग्न केलं आणि मग फोटो पाठवले. जावई चांगला आहे, राग कुणाचाच नाही. पण फोटो आले त्या दिवशी ह्यांनी स्वच्छ असलेली गाडी दोनदा धुतली होती.

२४ एप्रिल

पत्रिका छापून आल्या! "आमची कन्या चि. सौ. कां. डबरी." कोणाला हसू आलं नाही. उलट, स्वागतोत्सुकांमध्ये आपलं नाव तिसऱ्या ओळीत का, म्हणून दोघी माझ्याशी बोलत नाहीयेत.

हे आज पाऱ्यात मुलगा बघायला गेले होते. म्हणजे खांब. लाकडाच्या टालावरून आणून झाडाखाली आडवा ठेवला आहे. आल्यावर चेहरा गंभीर.

"कसा आहे?"

"सरळ आहे. उंचही आहे. पण कमरेपाशी एक गाठ आहे."

"मग?"

"मग काय! हिरालालले सांगितलं मी. तो म्हणते, पोरगी तरी कुठे गोरी आहे."

रात्रीपर्यंत धुमसत होते. "पोरगी कुठे गोरी आहे म्हणजे काय? कोणी काळी केली तिले?" मी म्हटलं, आपल्या मोरीने.

२८ एप्रिल

हिरालाल सासरच्या तोऱ्यात आला आहे. आता चहा घेत नाही, शरबत मागतो. म्हणाला, हळदीच्या आधी नवरीला न्हाऊ घालायला हवं, आणि न्हाऊ घातलं की बायामाणसं बघायला येतील. ह्यांचं तोंड उतरलं. व्याही येणार, आणि मुलगी अशी!

३० एप्रिल

मुलीला न्हाऊ घालणं सुरू. माणसं लावली, आणि कॉलनीतले पुरुष पँट वर दुमडून काठावर सूचना द्यायला उभे राहिले. काय काय निघालं! गेल्या तीन वर्षांच्या गणपतींचे सांगाडे, कूलरचा गवत भरलेला दरवाजा, रॅलीचे पाऊच, गाठ मारलेल्या पिशव्यांचा डोंगर. वस्तू सगळ्या ओळखीच्या. विनोदिनीच्या कमोडचं झाकण निघालं तेव्हा ती म्हणाली, "हे आमचं नाही." निळ्या फुलांचं झाकण साऱ्या कॉलनीत आणखी कोणाकडे आहे?

एवढं उपसलं, तरी आमच्या रांगेतून साबणाचं पाणी येतच होतं. हे काठावर उभे राहून बघत होते. दुपारच्या भांड्यांची वेळ. एकेका मोरीतून फेस येऊन डबरीत पडत होता आणि पलीकडून पाऱ्यातल्या बाया बघत होत्या. एक जण काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या.

बस! तिथून हे तडक घरी आले आणि कागद घेऊन बसले. प्रत्येक घरामागे शोषखड्डा. विटांचे तुकडे किती, रेती किती, सगळं. दारोदार जाऊन सांगून आले – अक्तीच्या आत मोरी वळवायची, नाहीतर पत्रिकेतून नाव काढतो. "व्याह्यायसमोर इज्जत जाऊन राहिली!" इतकी वर्षं मी सांगत होते, महानगरपालिका सांगत होती, वर्तमानपत्रं सांगत होती. कोणाचं ऐकलं नाही. आणि पाऱ्यातली एक बाई हसली, तर अकरा दिवसांत मोऱ्या वळणार.

६ मे

शेवटचा खड्डा विनोदिनीचा. पूर्ण झाला. तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं.

११ मे – अक्ती

लग्न लागलं! हात दुखताहेत, पण लिहायलाच हवं.

सकाळी पाऱ्यातून वरात आली. खांबाला हळद, मुंडावळ्या, आठ जणांच्या खांद्यावर. पुढे गंडवा बाजा. आम्ही इकडून पैठण्या नेसून काठावर. पाणी उन्हाळ्याचं, गुडघाभर. मधे खड्डा आधीच खणून ठेवलेला. दोघे जण पाण्यात अंतरपाट धरून उभे. विनायक गुरुजी मंगलाष्टकांना तयार, पण एकदम अडले. "गोत्र?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. हे म्हणाले, "बापाचं असते ते पोरीचं. आमचं सांगा."

शुभमंगल झालं. खांब उभा राहिला. पाऱ्यातल्या बायांनी असा काही आवाज केला की बगळे उडाले.

मग कन्यादान. आम्ही दोघं पाण्यात उतरलो. तिचंच पाणी ओंजळीत घेऊन तिलाच सोडायचं. पाणी ओंजळीतून खाली जात होतं आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पाय घसरला. पाय नव्हता घसरला. माझा नवरा रडत होता. सगळ्या कॉलनीसमोर, केबलवाल्यांच्या कॅमेऱ्यासमोर. मीही रडले. नाही रडणार तर काय! आमच्या मुलीचं असं काही झालंच नव्हतं ना. गुरुजी "पुढे, पुढे" म्हणत होते, पण आम्ही हललोच नाही.

पार्षदजी जेवणाच्या वेळेला आले. "ऐतिहासिक डबरी" म्हणाले. अजून महिनाभराने ते तिचा इतिहास करणार आहेत, हे त्यांना आणि आम्हाला दोघांना माहीत. त्यांच्या माणसाने पाऊच पाण्यात फेकला. हे पानावरून उठले आणि त्या माणसाला तो काढायला लावला! पार्षदजी हसले. फार नाही हसले.

पाठवणीच्या वेळेस प्रश्न पडला, मुलगी जाणार कुठे? हिरालाल म्हणाला, ती इथेच राहील. म्हणजे जावईच घरजावई झाला. व्याही त्यावरून जरा गप्प आहेत.

१२ मे

गंधालीचा फोन. "मम्मी, पापा सच में रोये क्या?" हिला मराठीत विचारलं तरी हिंदीतच बोलते. म्हटलं, हो. मग म्हणाली, "तो अब भी डबरी भरने वाले हैं क्या?"

मी म्हटलं, ठराव झालेला आहे.

१५ मे

काहीतरी बिनसलंय. हे सकाळी कॅन घेऊन स्कूटरवर जातात आणि समता कॉलनीतल्या मित्राकडून पालिकेच्या नळाचं पाणी भरून आणतात. "बोअरचं मचूळ लागते." मी पिऊन बघितलं. पूर्वीसारखंच आहे. शिवाय गाडी धुतलेली नाही. पांढरी गाडी मातकट झाली आहे! विचारलं तर म्हणाले, "कपड्याने पुसली की होते."

आणि रोज सकाळी मागच्या दाराने जाऊन डबरीकडे बघून येतात. "सहज."

१९ मे

समजलं! वरण उकळताना एकदम समजलं, हातातला डाव पडला.

मुलीच्या घरचं पाणी! माझे वडील यवतमाळहून यायचे ते स्वतःचा तांब्या भरून घेऊन. माझ्या घरी घोट कधी घेतला नाही त्यांनी, उन्हात चक्कर आली तरी नाही. कन्यादान केलं की मुलीकडचं घ्यायचं नाही. हे त्याच वळणाचे. पण त्यासाठी बोअरचं पाणी सोडायचं काय कारण? तर बोअरचं पाणी डबरीचं आहे, हे यांना मनातून ठाऊक आहे. सिंचन विभागात काय नुसत्या सह्या केल्या यांनी? ठाऊक होतंच. हॉलच्या नकाशाखाली दाबून ठेवलं होतं.

आणि सभेत मात्र अजून सांगतात – संबंध नाही.

रविवारी आपल्याच व्हरांड्यात सभा आहे. पार्षदजींना शेवटचा होकार कळवायचा आहे. पाणी द्यायचं काम माझंच असतं.

२२ मे

सभा. हिरालालला व्याही म्हणून मधली खुर्ची. सगळे म्हणाले, लग्न फार छान झालं, आता हॉलचं बघू. एकाने विचारलं, बोअरचं काय? हे उठले. नकाशा हातात, पण आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, "शब्द दिलेला आहे. आणि बोअरचा अन् डबरीचा काही संबंध–"

मी ट्रे घेऊन गेले. सगळ्यांना दिलं, शेवटी यांना. "घ्या. बोलून घसा सुकला असेल. आत्ताच बोअर लावला होता, गार आहे."

ग्लास हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. तिथेच थांबला.

विनोदिनीला काहीच ठाऊक नव्हतं, पण ती म्हणाली, "घ्या ना भाऊजी!"

माझ्याकडे बघितलं यांनी. मी बघत राहिले. प्यायले असते तर संपलं होतं सगळं. बोअरही, डबरीही, आणि पाण्यात रडलेला तो माणूसही.

ग्लास खाली ठेवला. जपून, एक थेंब न सांडता.

"मले नाही चालत," म्हणाले. "पोरीच्या घरचं आहे."

मग हिरालाल उठला, हात जोडले आणि म्हणाला, "हव, समधी."

ठराव मागे. नकाशाची घडी करून मला दिली – चुलीपाशी ठेव म्हणाले. चूल कुठे आहे आता? गॅस आहे. कपाटात ठेवला.

२९ मे

लोक हसतात, हसू देत. यांनी तोडगा काढला आहे. मुलीकडचं घ्यायचंच झालं तर तिला काहीतरी दिल्याशिवाय नाही. म्हणून छताला पन्हळ लावली, पाइप थेट डबरीपर्यंत. पावसाळ्यात छतावरचं सगळं पाणी तिचं. तोपर्यंत आंघोळीला एक बादली, आणि तीही हिशेबात धरायची म्हणे, उसनी म्हणून. सगळ्या रांगेत पन्हळी लागताहेत. विनोदिनीची सर्वांत जाड आहे. "आमच्याकडून जास्त जायला हवं, मावशी आहे मी तिची."

१ जून

नळाला धार आली! बारीक, पण सलग – सगळी रांग एका बादलीवर आली, त्याचं फळ. मी नळाखाली हात धरून बसले होते. हे आले तेव्हा बंद केला, नाहीतर ओरडले असते.

१० जून

डंपर आले. आमच्याकडे नाही. रेल्वेलाइनच्या पलीकडे, बीरगांवकडच्या अंगाला एक डबरी आहे, कारखान्यातल्या कामगारांच्या बाया तिथे कपडे धुतात. आमच्यासाठी सांगून ठेवलेली माती तिच्यात ओतून राहिले आहेत. हॉल तिथे होणार. हिरालालने सांगितलं, पार्षदजी म्हणाले, "वो तो कुंवारी है."

माझ्या नळाला पाणी आलं, ते कोणाच्या घाटावरून आलं? मी पेढे वाटले होते गल्लीत! लाज वाटते.

हे जेवले नाहीत. स्कूटर काढली.

"अर्धी बुजली आहे ती," मी म्हटलं.

"अर्धी आहे ना अजून."

"अक्ती होऊन गेली. मुहूर्त कुठला आता?"

"हिरालालले विचारतो. नसला तर बिनमुहूर्ताचं लावू."

"आणि आई-बाप कोण बसणार?"

"काहून? लोकायले दोन-तीन पोरी नसतात काय?"

बाहेर हॉर्न वाजवून राहिले आहेत. मी साडी बदलायला आत आले आहे.